दोन वाजताचं रीडिंग

त्यांचं खरं नाव मतदार यादीत असेल. वीजकेंद्रात त्यांना सगळे 'काटा' म्हणत. मीटरमध्ये असतो, तो काटा. अंगकाठी तशीच, आणि स्वभावही तसाच: एकदा आकड्यावर येऊन थांबले की हलवून हलायचे नाहीत. निवृत्तीनंतर गल्लीतल्या पोरांनी त्याला 'काका' जोडलं आणि काटाकाका तयार झाले.

पाण्यावर चालणाऱ्या जुन्या वीजकेंद्रात काकांनी तेहतीस वर्षं दर तासाला रीडिंग घेतलं. घड्याळात तास भरला की काका मशीनसमोर. तापमान बघायचं, पाण्याचा दाब बघायचा, तेलाची पातळी बघायची आणि लॉगबुकात लिहायची. नोकरी संपली, पण हात थांबले नाहीत. घरी फ्रीजच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला असे. गॅसची टाकी कधी लावली, पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, सगळं त्यात. या घरात आजारी माणसाला स्वतःच्या मनानं बरं वाटायची परवानगी नव्हती. थर्मामीटर म्हणेल तेव्हा बरं वाटायचं.

आणि खाडाखोड नाही. लॉगबुकाचा नियम तोच घराचा नियम. आकडा चुकला तर गिरवायचा नाही, रबरानं पुसायचा नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायची, वर खरा आकडा लिहायचा, बाजूला कारण आणि सही. काकूंनी वाण्याच्या यादीत 'साखर दोन किलो' लिहिलं आणि डब्यात अजून एक किलो शिल्लक निघाली, तर काका 'दोन'वर रेघ मारून 'एक' करत, बाजूला 'शिल्लक आढळली' असं लिहून सही ठोकत. वाणी ती यादी दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांना दाखवत असे.

बाहेरच्या खोलीत, बसलं की समोरच दिसेल अशा जागी, एक प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं. 'दोन नंबरच्या मशीनच्या बेअरिंगचं वाढतं तापमान वेळीच लक्षात आणून मोठं नुकसान टाळल्याबद्दल.' खाली मोठ्या साहेबांची सही. पाहुणे आले की काकू त्यांना ते दाखवत आणि काका नेमके तेव्हा पाणी आणायला आत जात. लोक म्हणत, माणूस किती साधा, स्वतःचं कौतुकसुद्धा ऐकवत नाही याला. त्रेचाळीस वर्षांत काकांनी त्या फ्रेमला हात लावला नव्हता. रंगकामाच्या वेळी ती काकूच उतरवत, काकूच लावत आणि दर आठवड्याला काकूच पुसत.

पुढे नवं केंद्र झालं, जुनं बंद पडलं, काही वर्षं गंजत बसलं आणि मग कुणाला तरी ते 'ऐतिहासिक' असल्याचा शोध लागला. दारात तिकीटखिडकी आली. आतून फिरवून दाखवायच्या तासाच्या फेऱ्या सुरू झाल्या. काकांच्या बरोबरीचे सगळे जाऊन आले, मशीनला टेकून फोटो काढून आले. काका गेले नाहीत. कधी गुडघा दुखला, कधी ऊन होतं, कधी नुसतंच 'बघू'.

शेवटी लेकीनं विचारणं बंद केलं आणि सरळ तीन तिकिटं आणली.

"मी तेहतीस वर्षं बघितलंय ते," काका म्हणाले. "तुम्ही दोघी जा."

"मी नाही बघितलं," काकू म्हणाल्या.

हे खरं होतं. घरच्यांना आत सोडायची पद्धत नव्हती. काकू इतकी वर्षं दुपारचा डबा घेऊन फाटकापर्यंत जात, डबा देत आणि परत येत. ज्या घरघरीवर आपला संसार चालला, ती कुठून येते हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"मला एकदा आत जायचंय," काकू म्हणाल्या. "तुम्ही नसाल तर मला कोण सांगणार, कुठं बसत होतात ते?"

काकांनी फ्रीजवरच्या तक्त्यात फेरीची वेळ लिहिली.

आता काका का टाळत होते ते सांगायला हवं, कारण तोवर ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

लग्नाला चार महिने झाले होते. त्या दिवशी काका डबा घरी विसरले. दोन वाजायला पाच मिनिटं असताना पहारेकऱ्यानं निरोप दिला, घरून डबा आलाय. मशीनवर काका एकटेच होते. दोन मिनिटांत येतो म्हणून ते फाटकाशी गेले. मशीन फिरवून झालेलं पाणी जिथं बाहेर पडतं, त्या कालव्याच्या काठाला बसकी भिंत होती. नवी नवरी म्हणाली, जेवून घ्या की इथंच, मी डबा परत नेते. काका बसले. घास झाले, बोलणं सुरू झालं. पाणी समोरून जात राहिलं.

परत आले तेव्हा तीनला पाच मिनिटं होती आणि लॉगबुकात दोनचं घर रिकामं. लॉगबुकातलं रिकामं घर म्हणजे बिनचेहऱ्याचा माणूस. साहेब पान उलटतील तर नजर आधी तिथंच जाणार. बाराला बेअरिंगचं तापमान बावन्न अंश होतं, एकला बावन्न होतं. काकांनी पेन उचललं आणि दोनच्या घरात बावन्न लिहिलं. कधीच न केलेली गोष्ट पहिल्यांदा केली की माणूस ती किती सहज करतो, याचं त्यांना पुढं बरीच वर्षं नवल वाटत राहिलं.

पाच मिनिटांनी, तीन वाजता, ते मशीनसमोर उभे राहिले. काटा अठ्ठावन्नवर होता.

काका धावत साहेबांकडे गेले. साहेबांनी लॉगबुक पाहिलं. बावन्न, बावन्न, बावन्न, अठ्ठावन्न. एका तासात सहा अंश. मशीन लगेच थांबवलं. बेअरिंग गार ठेवणाऱ्या पाण्याचा पाइप उघडला तर जाळीत गोणपाटाचा तुकडा अडकलेला. आणखी अर्धा-पाऊण तास गेला असता तर बेअरिंग वितळलं असतं, आणि शहर आठवडाभर अंधारात राहिलं असतं. साहेबांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "तू वेळेवर आलास," ते म्हणाले. खरं तर काका एक तास उशिरा आले होते. दोनलाच काटा चढू लागला असणार, पण बघायला तिथं कोणी नव्हतं. हे सांगायला काकांनी तोंड उघडलं, आणि साहेबांनी त्यात पेढा नाही तरी कौतुकाचे चार शब्द कोंबले. महिन्याभरात प्रशस्तिपत्र आलं.

त्यानंतर काका फाटकाशी कधी बसले नाहीत. डबा घ्यायचा, मान हलवायची, वळायचं. काकू दोन-तीनदा भिंतीकडं बघत थांबल्या. मग त्यांनीही थांबणं सोडलं.

तर असे काटाकाका, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून, अकरा पर्यटक, एक गाईड अशा लवाजम्यात, स्वतःच्याच कारखान्यात तिकीट दाखवून शिरले.

गाईड पंचविशीची मुलगी होती. आवाज मोकळा, चालणं झपझप, आणि पाठ केलेलं बोलताना ते आत्ताच सुचल्यासारखं बोलायची कला. तिनं मोठं दार ढकललं आणि सगळे गप्प झाले. उंच छत, उंच खिडक्या, त्यातून आडवं पडलेलं ऊन, नक्षीच्या फरशा आणि त्या फरशांवर ओळीनं बसलेली चार प्रचंड मशीनं.

काका पण गप्प झाले, वेगळ्या कारणानं. त्यांना ही खोली आवाजाशिवाय माहीतच नव्हती. इथं माणसं हातवाऱ्यांनी बोलत. घरी जाऊन अर्धा तास ओरडूनच बोलत. आता कुणाच्या तरी चपलेचा आवाज येत होता. झोपलेल्या माणसाच्या खोलीत पाहुणे शिरावेत तसं त्यांना वाटलं.

काकू मात्र सभोवार बघत होत्या. गेली कित्येक वर्षं त्यांच्या मनात हे ठिकाण म्हणजे धूर, काजळी आणि भट्टी होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तर माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे."

"हो, मग?"

"आणि घरी येऊन तुम्ही असे बसायचात, जसे काही कोळसा फोडून आलात. मी गरम पाणी काढून देत होते, पाय शेकायला."

"उभं राहावं लागायचं गं."

"मी काय झोपून स्वयंपाक करत होते?"

लेक हसू दाबत पुढं सरकली. गाईड सांगत होती, डोंगरावरून पाणी या जाड पाइपांतून खाली येतं, चाकाच्या पात्यांवर आदळतं, चाक फिरतं, त्याला जोडलेलं जनित्र फिरतं. "हे चाक मिनिटाला पाचशे वेळा फिरायचं," ती म्हणाली.

"चारशे अठ्ठावीस," काका पुटपुटले.

"काही म्हणालात, काका?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही सांगा. यांचं चालूच असतं." मग हळू आवाजात, "तिकीट काढून आलोय आपण. ऐकायचं."

पुढं काकूंनी काकांची खुर्ची शोधून काढली. खुर्ची जागेवरच होती, दोन नंबरच्या मशीनजवळ, आता तिच्यासमोर दोरी लावून 'बसू नये' अशी पाटी. काकूंनी दोरीवरून हात घालून खुर्चीच्या पाठीला बोटं लावली आणि बोटं बघितली. धूळ नव्हती. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

आणि मग गाईड भिंतीजवळच्या काचेच्या पेटीपाशी थांबली.

काका दारातून शिरल्यापासून त्या पेटीकडं न बघण्याचं काम करत होते. पेटीत लॉगबुक होतं, उघडलेलं. शाई तपकिरी झाली होती, पण अक्षर उभं, नीट, ओळखीचं. स्वतःचं अक्षर कुठंही ओळखू येतं. स्वतःची खोकल्याची ढास ओळखू यावी तसं.

"ही आमच्या फेरीतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट," गाईड म्हणाली. "बघा, दर तासाचं तापमान. बावन्न, बावन्न, बावन्न. आणि मग एकदम अठ्ठावन्न. तेव्हा घंटा वाजवणारी यंत्रं नव्हती. होता फक्त एक माणूस, जो दर तासाला न चुकता इथं येऊन उभा राहायचा. एका तासासाठी जरी तो जागेवर नसता, तरी हे मशीन आज तुम्हाला दिसलं नसतं."

कोणीतरी हलकीशी शीळ घातली. लेकीला राहवलं नाही.

"ते हे," ती म्हणाली. "माझे बाबा."

पुढचं सगळं पटापट झालं. टाळ्या वाजल्या. एका गृहस्थानं काकांचा हात हातात घेतला तो सोडेच ना. फोटो निघाले. गाईडचा चेहरा असा उजळला की जणू पुस्तकातलं पात्रच पान सोडून तिच्यासमोर आलंय. "काका, दोन शब्द बोला ना," ती म्हणाली.

समोर अकरा हेल्मेटं, त्यांतलं एक काकूंचं. काकूंचं हेल्मेट कानापर्यंत खाली आलं होतं आणि त्याखालचा चेहरा इतका अभिमानानं भरला होता की काकांना त्याच्याकडं बघवेना.

"ते... कामच होतं ते," काका म्हणाले.

पुन्हा टाळ्या. माणूस किती साधा.

फेरीचा शेवट बाहेर, कालव्याच्या काठी होता. मंडळी पाण्याचे फोटो काढायला पांगली. ती बसकी भिंत अजून होती. तिला फक्त रंग दिला होता. काकू जाऊन तिच्यावर बसल्या आणि लेकीला म्हणाल्या, "इथं एकदा आम्ही बसलो होतो. तुझ्या जन्माच्या आधी."

"एकदाच?"

"एकदाच. तास-दीड तास गेला असेल नसेल. इतकं बोलले होते तुझे बाबा, तुला खोटं वाटेल. लहानपणचं, नदीत पडल्याचं, काय काय. मला वाटलं, आता रोज असंच." काकूंनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "दुसऱ्या दिवशी मी आपणहून डबा घेऊन गेले, तर तो घेतला आणि पाठ फिरवून चालू लागले. परत कधी बसले नाहीत. मी काहीतरी बोलून गेले असेन. काय बोलले ते मात्र मला अजून आठवत नाही. खूप आठवून पाहिलं."

त्या हे हसत सांगत होत्या, चाळीस-एक वर्षांपूर्वी हरवलेल्या छत्रीबद्दल सांगावं तसं. काका तीन पावलांवर उभे होते. आजवर त्यांची समजूत होती की त्या खोट्या आकड्याचा भार आपल्या एकट्यावर आहे. तो दोन माणसांत वाटलेला होता, आणि दुसऱ्या माणसाला तो कशाचा हेही माहीत नव्हतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

ते भिंतीवर बसले. गुडघा कुरकुरला.

"तू काही बोलली नव्हतीस," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. रीडिंग सांगावं तसं, क्रमानं, वेळेसकट. किती वाजता उठले, किती वाजता परत गेले, रिकामं घर, बावन्न, अठ्ठावन्न, साहेबांची थाप. लेक आधी उभी होती, ती मध्येच कधीतरी खाली बसली.

काकूंनी मांडीवरचं हेल्मेट भिंतीवर ठेवलं.

"म्हणजे भीती वाटली तुम्हाला," त्या म्हणाल्या. "परत बसलो तर परत तसं होईल म्हणून."

"हो."

"हे तेव्हाच सांगितलं असतंत तर मी डबा एक वाजता आणला असता. रीडिंग घेऊन यायचं, बसायचं, पुढच्याला उठायचं. त्यात काय एवढं?"

काकांनी मान वर केली. एवढा सोपा हिशेब त्रेचाळीस वर्षांत त्यांच्या डोक्यात आला नव्हता.

"आणि ते प्रशस्तिपत्र," काकू म्हणाल्या, "ते मी पुसत बसले. दर शनिवारी. तुम्हाला माहीत असून."

"हो."

"तीन वेळा काच बदलून आणली मी त्याची."

"दोन वेळा," काका म्हणाले आणि जीभ चावली.

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. लेकीनं चेहरा हेल्मेटमध्ये लपवला. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच ठाऊक.

"बाबा, जाऊ दे ना," थोड्या वेळानं ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली. मशीन वाचलंच की. आता कुणाला काय फरक पडतो?"

"ती मुलगी रोज चार वेळा ते सांगते," काका म्हणाले. "रोज चार वेळा खोटं बोलते आणि तिला माहीत नाही."

ते उठले. काकूही उठल्या.

गाईड तिकीटखिडकीजवळ हेल्मेटं मोजून घेत होती. काकांनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं, तसं काही झालं नाही. मुलीचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"काका," ती म्हणाली, "आमच्या साहेबांना हे कळलं तर ते पानच काढून ठेवतील. त्या जागी जुने बल्ब ठेवतील. मी हे ऐकलंच नाही, असं केलं तर?"

ती आपल्यासाठीच म्हणतेय हे काकांना समजलं. हेल्मेट परत करायला आलेला तो मघाचा गृहस्थ काकांकडं बघून पुन्हा आदरानं मान लववत होता.

"तू ऐकलंयस," काका म्हणाले. "मला फक्त दुरुस्ती करायची आहे. एक रेघ. पेन माझं आहे."

"काचेच्या आतल्या वस्तूवर लिहिता येत नाही, काका. तुम्ही लिहिलेलं असलं तरी."

हा नियम काकांना पटला. नियम पटायला त्यांना वेळ लागत नसे. त्यांची नजर खिडकीजवळच्या टेबलावर गेली. तिथं अभिप्रायाची वही होती. 'छान माहिती.' 'मुलांना आवडले.' 'स्वच्छतागृहाची पाटी दिसत नाही.' काका खुर्ची ओढून बसले, पान आडवं केलं, पट्टी नव्हती म्हणून तिकिटाच्या कडेनं रेघा मारून घरं आखली आणि लिहू लागले. तारीख, तीच जुनी. मशीन क्रमांक दोन. वेळ दुपारी दोन. बावन्न लिहिलं, त्यावर एक सरळ रेघ मारली. वर खरा आकडा लिहायचा असतो. तिथं त्यांनी लिहिलं, 'रीडिंग घेतले नाही.' मग कारणाचं घर आलं आणि पेन थांबलं.

काकू खांद्यावरून वाचत होत्या.

"लिहा की," त्या म्हणाल्या.

काकांनी लिहिलं: 'ऑपरेटर जागेवर नव्हता. घरून डबा आला होता. भिंतीवर बसणे अंदाजे चाळीस मिनिटे.' आणि सही केली.

"द्या इकडं," काकू म्हणाल्या आणि पेन घेतलं. 'अंदाजे चाळीस'वर त्यांनी एक रेघ मारली. सरळ नाही आली, पण एकच मारली. वर लिहिलं, 'पंचावन्न.' बाजूला कारण लिहिलं: 'फाटकावरचे घड्याळ मी बघत होते.' आणि आयुष्यात पहिल्यांदाच काकांच्या सहीशेजारी, काकांनी न सांगता, स्वतःची सही केली.

"मघाशी तर तास-दीड तास म्हणालीस," काका म्हणाले.

"ते लेकीला सांगत होते. हे वहीत आहे."

घरी आल्यावर काकांनी स्टूल घेतलं, प्रशस्तिपत्र उतरवलं आणि ते कुठं ठेवावं हे न कळून हातात धरून उभे राहिले. काकू म्हणाल्या, भिंतीवर चौकोन उमटलाय, तो काय बघत बसू का मी? शेवटी ते परत तिथंच लागलं. फक्त काचेच्या आत, खालच्या कोपऱ्यात, एक चिठ्ठी आली. 'दुरुस्ती पाहावी: वीजकेंद्र, अभिप्राय वही.' पान क्रमांकासह. आता ती फ्रेम शनिवारी काका पुसतात.

तीन आठवड्यांनी गाईडचा फोन आला. पान पेटीतच राहिलं होतं. साहेब आधी भडकले, मग स्वतः अभिप्रायाची वही वाचून आले आणि चहा प्यायला गेले. आता पेटीत लॉगबुकाशेजारी ती वहीसुद्धा उघडी ठेवली होती. गोष्ट ती खरीच सांगत होती.

"आणि चाकाचं?" काकांनी विचारलं.

"चारशे अठ्ठावीस सांगते, काका. पण एक अडचण झालीय. लोक आता मशीनबद्दल कमी विचारतात. प्रत्येक फेरीत कुणीतरी विचारतंच, पंचावन्न मिनिटं ती दोघं बोलत काय होती? मी काय सांगू?"

काकांनी फोनवर हात ठेवून प्रश्न आत कळवला.

काकू डाळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा बाजूला काढला.

"सांगा तिला," त्या म्हणाल्या, "त्याची नोंद ठेवलेली नाही."